आधी पकड

पॅथॉलॉजी लॅबमध्ये एक जुनी, स्वस्त आणि अजूनही भरवशाची तपासणी चालते. रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या यीस्टचा एक कण घ्यायचा, तो अर्धा मिलिलीटर सीरममध्ये मिसळायचा आणि नळी ३७ अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास ठेवून द्यायची. सीरम म्हणजे रक्त गोठून गुठळी बाजूला झाली की वर उरणारा पिवळसर द्रव. मग एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. लंबगोल पेशींच्या अंगातून बारीक, सरळ, मुळाशी न आवळलेल्या नळ्या फुटलेल्या दिसल्या की तंत्रज्ञ अहवालात लिहितो : जर्म ट्यूब पॉझिटिव्ह. बहुतेक वेळा याचा अर्थ एकच असतो, ही कॅन्डिडा अल्बिकन्स आहे. (डब्लिनिएन्सिस नावाची तिची सख्खी बहीणही अशीच नळी काढते, पण ती क्वचित भेटते.)

तंत्रज्ञाला या तपासणीत फक्त आकार दिसतो. त्या दोन-तीन तासांत घडलेली मोठी गोष्ट मात्र त्याच्या भिंगाच्या आवाक्याबाहेरची असते. फुटलेल्या नळीचा पृष्ठभाग तिच्या मूळ पेशीच्या पृष्ठभागाहून वेगळ्या प्रथिनांनी मढलेला असतो. गोल पेशीवर ज्यांचा मागमूसही नसतो अशी काही प्रथिने नळीवर दाटीने उभी राहतात. यीस्ट तेच, जनुके तीच, बदललेली असते ती भिंतीची बाहेरची बाजू. आणि कॅन्डिडा शरीरात निमूटपणे राहणार की आजार करणार, हे ठरण्यात या बाहेरच्या बाजूचा वाटा फार मोठा आहे.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही काही बाहेरून चालून येणारी साथ नव्हे. असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनिमार्गात ती राहतेच. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो, कवळी रात्रीही न काढणाऱ्या आजोबांच्या टाळूवर लाली चढते, दम्यासाठी स्टेरॉइडचा इन्हेलर ओढून चूळ न भरणाऱ्यांच्या घशात पांढरे ठिपके उमटतात, मधुमेह हाताबाहेर गेला की जांघेत आणि स्तनांखाली चट्टे उठतात : हे सगळे तिचेच उद्योग. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तिच्यामुळे योनिमार्गाचा संसर्ग होतो, आणि तो वर्षातून तीन-चारदा उलटणाऱ्या स्त्रियांची जगभरातली संख्या सुमारे १३.८ कोटी असल्याचा २०१८ सालचा एक अंदाज आहे. एवढ्या स्त्रिया ज्याने बेजार आहेत तो आजार आपल्याकडे डॉक्टरांपुढेही दबक्या आवाजात सांगितला जातो, आणि बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणून त्याची बोळवण होते. हे सगळे त्रास त्वचेच्या आणि अस्तराच्या पातळीवरचे. अतिदक्षता विभागात हीच कॅन्डिडा रक्तात शिरते तेव्हा गोष्ट पूर्ण वेगळी असते. उपचार मिळूनही साधारण एक तृतीयांश रुग्ण दगावतात.

लाळ सतत वाहते आहे, आतडे सतत पुढे ढकलते आहे, वरच्या पेशी सतत झडताहेत, मूत्रमार्ग दिवसातून कितीदा तरी धुऊन निघतो आहे. अशा ठिकाणी ज्याला टिकायचे त्याला आधी चिकटता आले पाहिजे. विष, विकर, ऊतींमध्ये शिरणे हे सगळे त्यानंतरचे.

यीस्टच्या पेशीभोवती एक जाड भिंत असते. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून औषधे शोधणाऱ्यांचे तिच्यावर फार दिवसांपासून लक्ष आहे. भिंतीचा आतला थर कायटिन आणि बीटा-ग्लुकन या शर्करांच्या लांब साखळ्यांचा. खेकड्याचे कवच ज्याने बनते तेच हे कायटिन. ताकद या थराची. बाहेरचा थर प्रथिनांचा, आणि या प्रथिनांवर मॅनोज या शर्करेच्या इतक्या फांद्या फुटलेल्या असतात की भारी सूक्ष्मदर्शकाखाली तो थर केसाळ दिसतो. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा एक ग्राहक असतो, त्याला आतले बीटा-ग्लुकन ओळखता येते. पण ग्लुकन मॅनोजच्या केसाळ थराखाली झाकलेले असल्याने बराच काळ त्याच्या हाती लागत नाही. म्हणजे बाहेरच्या प्रथिनांचे पहिले काम झाकण्याचे. दुसरे काम धरण्याचे, आणि या प्रकरणाचा विषय ते आहे.

ही प्रथिने भिंतीत नुसती रुतलेली नसतात. पेशीच्या आत तयार होतानाच त्यांच्या शेपटाला जीपीआय नावाचा एक स्निग्ध खुंटा जोडला जातो. त्या खुंट्याच्या आधाराने प्रथिन पेशीपटलापर्यंत येते, मग खुंट्याचा काही भाग तोडून उरलेला तुकडा भिंतीतल्या ग्लुकनला रासायनिक बंधाने पक्का बांधला जातो. कॅन्डिडा अल्बिकन्सच्या जनुकसंचात असा खुंटा मिळू शकणारी शंभराहून अधिक प्रथिने आहेत. या खुंट्याकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

या शंभरांत सगळ्यांत जास्त अभ्यासलेले घराणे आहे एएलएस. १९९५ मध्ये लोइस हॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घराण्यातले पहिले जनुक प्रसिद्ध केले. क्रम वाचताना त्यांच्या लक्षात आले की हे प्रथिन पावाच्या यीस्टमधल्या एका जुन्या ओळखीच्या प्रथिनाशी जुळते आहे. पाव फुगवणाऱ्या, दारू आंबवणाऱ्या त्या निरुपद्रवी यीस्टमध्ये ए आणि अल्फा अशा दोन जातींच्या पेशींचे मीलन होते. मीलनाआधी त्या एकमेकींना घट्ट चिकटतात. चिकटवण्याचे काम करणारे अल्फा पेशीवरचे प्रथिन म्हणजे अल्फा-अग्लुटिनिन, आणि कॅन्डिडाचे नवे प्रथिन त्याच्या वळणावर गेलेले होते. एकाच बुरशीकुळातल्या एका शाखेत जोडीदार धरायला वापरले जाणारे साधन दुसऱ्या शाखेत माणसाचे अस्तर धरायला जुंपले गेले आहे. उत्क्रांतीला नवे अवजार घडवण्यापेक्षा घरातलेच जुने अवजार वापरणे परवडते, याची इतकी स्वच्छ उदाहरणे फार मिळत नाहीत.

एएलएस घराण्यात आठ जनुके आहेत, १ ते ७ आणि ९. सगळ्यांची ठेवण सारखी : भिंतीत रोवलेला लांब दांडा आणि टोकाला पकड घेणारे डोके, झाडावरचे आंबे उतरवायच्या आकडीसारखे. दांड्याचा मोठा भाग छत्तीस अमिनो आम्लांच्या एकाच तुकड्याच्या पुनरावृत्तींनी बनलेला असतो, आणि या पुनरावृत्ती माणसागणिक सापडणाऱ्या कॅन्डिडांत कमीजास्त असतात. त्यामुळे दोन रुग्णांच्या कॅन्डिडांची पोहोच सारखी असेलच असे नाही.

डोक्याची रचना २०११ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने हॉयर यांच्या साथीने उलगडली, आणि एक जुने कोडे सुटले. एएलएस प्रथिने फार मोकळेपणाने चिकटतात. गालाच्या आतल्या पेशी, रक्तवाहिनीचे अस्तर, फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन, त्यांना काहीही चालते. कुलूप-किल्लीच्या हिशेबाने विचार करणाऱ्यांना हे खटकत होते. डोक्यात एक खोलगट खाच सापडली. कोणत्याही प्रथिनसाखळीच्या मोकळ्या शेपटाची शेवटची काही अमिनो आम्ले तिच्यात जाऊन बसतात, आणि त्यातली निवड बरीच सैल असते. शेपूट तर प्रत्येक प्रथिनाला असतेच.

या आठांतले तिसरे, एएलएस-३, गोल पेशीवर जवळपास नसतेच. ते तंतूवर, म्हणजे नळी वाढून होणाऱ्या धाग्यावर, येते. सीरममध्ये नळी फुटली की तासाभरात दिसू लागते. एकच प्रथिन किती कामे करू शकते याचा तो नमुनाच आहे.

आपल्या तोंडातल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरून ठेवतात. एका पेशीवरचे कॅडहेरिन शेजारणीवरच्या कॅडहेरिनला पकडते. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींवर त्याचेच भावंड, एन-कॅडहेरिन, असते. २००७ मध्ये स्कॉट फिलर यांच्या गटाने दाखवले की एएलएस-३ नेमके या दोघांना धरते. शेजारणीचा स्पर्श झाला असे समजावे तशी पेशी हलते, तिचा आतला सांगाडा सरसावतो आणि तिचे पटल तंतूभोवती चढत जाऊन त्याला आत ओढून घेते. या सगळ्यात तंतूला काहीच करावे लागत नाही. मारलेले तंतू घेऊन प्रयोग केले तेव्हाही पेशींनी त्यांना आत घेतले. जिवंत नसलेले परजीवी यजमान स्वतःच्या हाताने घरात आणून ठेवतो, आणि ते कशामुळे, तर पृष्ठभागावरच्या एका प्रथिनामुळे. संसर्ग म्हणजे जंतूने भिंत फोडून आत घुसणे, हे चित्र आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की हा निकाल पहिल्यांदा वाचताना दोनदा वाचावा लागतो.

आत गेल्यावरही एएलएस-३ चे काम संपत नाही. आपले शरीर लोह मोकळे ठेवत नाही. पेशींच्या आत ते फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळीत कुलूपबंद असते. एएलएस-३ फेरिटिनलाही धरते, आणि तंतू मग त्यातले लोह सोडवून वापरतो. पृष्ठभागावरचे आणखी एक प्रथिन, आरबीटी-५, हिमोग्लोबिनमधला हीम काढून घेते. प्रा-१ नावाचे तिसरे प्रथिन जस्तामागे असते : ते पेशीबाहेर पडते, यजमानाचे जस्त धरते आणि घेऊन परत येते.

आता दुसऱ्या प्रथिनाकडे वळू, कारण माझ्या मते या साऱ्या गोष्टीत सर्वांत धक्कादायक तेच आहे. त्याचे नाव एचडब्ल्यूपी-१. हेही फक्त तंतूवर येते. एएलएसची पकड कितीही चांगली असली तरी ती शेवटी दुबळ्या, सुटू शकणाऱ्या बंधांची असते. १९९९ मध्ये जॅनेट स्टाब, पॉला सुंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी गालाच्या आतल्या पेशींना चिकटलेल्या कॅन्डिडा सोडवण्यासाठी त्या नमुन्याला उष्णता दिली, प्रथिने विस्कटून टाकणाऱ्या डिटर्जंटमध्ये तो बुडवला. तरी काही पेशी सुटेनात. इतकी चिवट जोड म्हणजे रासायनिक बंधच असला पाहिजे. पण हा बंध घालणारे विकर कोणाचे?

ते आपले निघाले. ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर आपल्या त्वचेत आणि तोंडाच्या अस्तरात रोजचे काम करते. वरच्या थरातल्या प्रथिनांमधल्या ग्लुटामिनला शेजारच्या प्रथिनातल्या लायसिनशी जोडून ते एक चिवट आवरण विणते. त्याच जातीचे दुसरे विकर जखमेवरची रक्ताची गुठळी पक्की करते. एचडब्ल्यूपी-१ च्या बाहेर आलेल्या टोकात ग्लुटामिनची रेलचेल आहे, आणि त्याचा क्रम आपल्या अस्तरातल्या प्रथिनांसारखा आहे. विकराला फरक कळत नाही. ते आपले नेहमीचे काम म्हणून या परक्या प्रथिनालाही अस्तरात विणून टाकते. हे जनुक काढून टाकलेल्या कॅन्डिडांना अशी पक्की जोड जमली नाही, आणि त्यांनी उंदरांमध्ये जीवघेणा संसर्गही कमी प्रमाणात केला.

पकड सुटण्याऐवजी वाढावी, अशीही एक तजवीज या पृष्ठभागावर आहे. एएलएस प्रथिनांत डोक्याच्या लगेच खाली काही अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा असतो जो एरवी दुमडून झाकलेला राहतो. बेल्जियममधले इव्ह डुफ्रेन आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजमधले पीटर लिपके यांच्या गटांनी २०१० मध्ये एएलएस-५ चा एकेक रेणू अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या सुईने ओढून पाहिला. ओढ बसताच तो तुकडा उलगडतो, शेजारच्या रेणूंमधल्या तशाच तुकड्यांना लगटतो, आणि पृष्ठभागावर प्रथिनांचे घट्ट पुंजके तयार होतात. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत साचणारे अमिलॉइड ज्या पद्धतीने गुंफले जाते, तीच ही पद्धत. म्हणजे रक्ताचा वा लाळेचा प्रवाह पेशीला ओढू लागला की तिची पकड आणखी आवळली जाते. आपल्याकडे अमिलॉइड म्हणजे बिघाड. इथे तो नेहमीच्या कामकाजाचा भाग आहे.

आता अतिदक्षता विभागात चला. रुग्णाच्या मानेतल्या किंवा काखेजवळच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन बसवलेली असते. तिचे प्लास्टिक म्हणजे कॅन्डिडाला मोकळे मैदान : तिथे पेशी झडत नाहीत, विकरे नाहीत, गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी. थोडे यीस्ट चिकटते, तंतू फुटतात, तंतू तंतूंना धरतात, वर शर्करांचा चिकट थर साचतो आणि एक जैवपटल तयार होते. त्याच्या आतल्या पेशींना औषध सुट्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त लागते, म्हणूनच डॉक्टर औषध सुरू करतानाच ती लाइन काढायला सांगतात.

या जैवपटलात तंतू एकमेकांना कसे धरतात, याचा क्लॅरिसा नोबिली आणि आरन मिचेल यांच्या गटाने २००८ मध्ये केलेला प्रयोग फार देखणा आहे. एका वाणातून एएलएस-१ आणि एएलएस-३ काढले. दुसऱ्यातून एचडब्ल्यूपी-१ काढले. दोघांनाही वेगवेगळे वाढवले तेव्हा जैवपटल धड जमेना. मग दोन्ही लंगडे वाण एकत्र मिसळले, आणि उंदराच्या शिरेत बसवलेल्या नळीत चांगले जैवपटल तयार झाले. एकाकडचे एएलएस दुसऱ्याकडच्या एचडब्ल्यूपी-१ ला धरत होते. पावाच्या यीस्टमधल्या अल्फा आणि ए पेशी मीलनाआधी एकमेकींना धरतात ते असेच, दोघींकडच्या परस्परपूरक प्रथिनांनी. जुन्या मीलनाची रीत इथे प्लास्टिकच्या नळीत वस्ती करायला वापरली जात होती.

एकेका प्रथिनाचे असे गुण गाताना एक तोल सांभाळायला हवा. एकटे एएलएस-३ काढून टाकलेली कॅन्डिडा उंदराच्या रक्तात सोडली तर ती जवळजवळ तेवढीच मारक ठरते. सुईने थेट शिरेत टोचल्यावर अस्तराला धरून आत शिरण्याची गरजच उरत नाही, हे एक कारण असू शकते. शिवाय त्या भिंतीवर मदतीला इतरही अनेक उभे आहेत. नुकसानही नुसत्या चिकटण्याने होत नाही. २०१६ मध्ये लंडन आणि येनामधल्या संशोधकांनी दाखवले की तंतू ईसीई-१ या प्रथिनाचे तुकडे करून त्यातला एकतीस अमिनो आम्लांचा एक तुकडा बाहेर सोडतो. कॅन्डिडालायसिन असे त्याचे नाव, आणि ते पेशीच्या पटलाला भोके पाडते. पण हे विष साचून परिणाम करायचे तर तंतू पेशीला बिलगलेला, पेशीने त्याच्याभोवती केलेल्या खोबणीत बसलेला हवा. लाळेत मोकळे सोडलेले विष वाहून जाईल.

कॅन्डिडा ग्लाब्राटाची तऱ्हा वेगळी. नावात कॅन्डिडा असली तरी नात्याने ती अल्बिकन्सपेक्षा पावाच्या यीस्टच्या जवळची आहे. वर्गीकरण करणारे आता तिला नाकासियोमायसिस म्हणतात, डॉक्टर अजून जुन्याच नावाने ओळखतात. ही खरा तंतू काढतच नाही. तिच्याकडे ईपीए नावाच्या प्रथिनांचे घराणे आहे. त्यातले ईपीए-१ आपल्या पेशींवरच्या गॅलॅक्टोज असलेल्या शर्करा पकडते, आणि प्रयोगशाळेत ते एकटे काढून टाकले तरी ग्लाब्राटाची अस्तराला चिकटण्याची क्षमता जवळपास संपते. हे ब्रेंडन कॉर्मॅक यांनी १९९९ मध्ये दाखवले. या घराण्यातली बाकीची जनुके गुणसूत्रांच्या टोकांजवळ असतात आणि तिथे त्यांना मुद्दाम गप्प ठेवलेले असते. गप्प ठेवणाऱ्या यंत्रणेतले एक प्रथिन, सर-२, चालायला एनएडी हा रेणू लागतो. एनएडी बनवायला ग्लाब्राटाला बाहेरून नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, मिळावे लागते, कारण ते तिला स्वतः तयार करता येत नाही. मूत्रात नायसिन तुटपुंजे. तिथे पोहोचलेल्या ग्लाब्राटाचे एनएडी घटते, सर-२ ढिले पडते, गप्प बसवलेले ईपीए-६ बोलू लागते आणि पेशी मूत्राशयाला चिकटते. २००५ मध्ये उंदरांवर हे सारे तपासले गेले. जीवनसत्त्वाचा तुटवडा हाच तिला ‘आता घट्ट धर’ असा निरोप आहे.

मग प्रश्न उरतो की ही हत्यारे असूनही कॅन्डिडा बहुतेकांच्या आतड्यात शांत कशी. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी प्रतिजैविके देऊन आतडी जवळजवळ जिवाणूमुक्त केलेल्या उंदरांमध्ये अल्बिकन्सला अनेक आठवडे पिढ्यान् पिढ्या वाढवले. टिकून राहिले ते वाण तंतू काढण्याची क्षमता गमावलेले होते, आणि त्यांची मारकताही गेली होती. आतड्यात निवांत राहायचे तर तंतू हे ओझे आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. २०२१ मध्ये युटा विद्यापीठातल्या जून राउंड यांच्या गटाने त्यात आणखी भर घातली. आतड्यात स्रवणारी आयजीए प्रतिपिंडे कॅन्डिडाला धरतात, पण बहुतेक वेळा तंतूंना, आणि तंतूंवरच्या चिकटणाऱ्या प्रथिनांना. गोल पेशींकडे ती फारसे लक्ष देत नाहीत. म्हणजे आपले शरीर राहणाऱ्याला हाकलत नाही, त्याने हात उगारला तर तेवढा हात धरते. आणि त्यामुळे टिकाव धरणाऱ्या गोल पेशींचेच भले होते. हे चित्र अगदी नीटनेटके वाटत होते, तोच २०२४ मध्ये दिसले की जिवाणूंनी भरलेल्या नेहमीच्या आतड्यात कॅन्डिडालायसिन काही जिवाणूंना आवरून तंतूंना जागा करून देते. जिथे शेजारी नाहीत तिथे तंतू ओझे, जिथे गर्दी आहे तिथे उपयोगी. आपल्याला त्रास देणारे हे हत्यार मुळात जिवाणू-शेजाऱ्यांशी भांडण्यासाठी असावे, ही शक्यता मला जास्त पटते. माणूस मधल्या मध्ये सापडतो.

शेजाऱ्यांशी नाते केवळ भांडणाचेही नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा पू करणारा जिवाणू एएलएस-३ ला धरून तंतूवर बसतो आणि त्याच्यासोबत अस्तरातून आत जातो. एकट्याला ज्या ठिकाणी पोहोचता आले नसते तिथे तो असा फुकटच्या प्रवासाने पोहोचतो.

कॅन्डिडा ऑरिसचा उल्लेख केल्याशिवाय आज हा विषय पुरा होत नाही. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून ती पहिल्यांदा वेगळी काढली गेली. चार वर्षांत दिल्लीच्या रुग्णालयांतून रक्तातल्या संसर्गाचे अहवाल आले, आणि मग ती वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या वंशशाखांच्या रूपात, जवळजवळ एकाच काळात वर आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये घातक बुरश्यांची पहिली यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात अल्बिकन्सच्या जोडीने ऑरिस आहे. अल्बिकन्स तोंडात आणि आतड्यात रमते, ऑरिस त्वचेवर. पलंगाची दांडी, रक्तदाब मोजायचा पट्टा, थर्मामीटर अशा कोरड्या वस्तूंवरही ती कित्येक दिवस टिकते, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे सरळ जाते. यीस्टच्या बाबतीत ही गोष्ट नवी होती.

ती कशाने चिकटते? तिच्या जनुकसंचात एएलएस घराण्याचीही माणसे आहेत, पण मिशिगन विद्यापीठातल्या टेरेसा ओमीरा यांच्या गटाने २०२३ मध्ये एससीएफ-१ नावाचे प्रथिन शोधले, जे फक्त ऑरिसकडे आहे. यीस्टची चिकट प्रथिने बहुधा पाण्याला टाळणाऱ्या भागांच्या जोरावर चिकटतात. एससीएफ-१ चे बळ धनभारित अमिनो आम्लांत आहे. समुद्रातल्या खडकांना, जहाजांच्या तळाला ओल्यातच चिकटून बसणारे शिंपले आणि बार्नेकल हीच युक्ती वापरतात. एससीएफ-१ काढून टाकले की ऑरिसची प्लास्टिकवरची आणि त्वचेवरची पकडही ढिली होते आणि उंदरांतली मारकताही घटते.

उपचारांच्या बाबतीत आजवर आपण या बाहेरच्या थराला बगलच दिली आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. थिरुमलाचार यांच्या चमूने १९६०च्या दशकात तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन काढले. तोंडातल्या आणि योनिमार्गातल्या कॅन्डिडावर ते पुष्कळ वापरले गेले. हॅमायसिन आणि त्याची भावंडे भिंतीच्या आतल्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतात. फ्लुकोनाझोल अर्गोस्टेरॉल बनूच देत नाही. २००१ मध्ये आलेले कॅस्पोफंजिन भिंतीतले ग्लुकन बनणे अडवते. बाहेर उभ्या असलेल्या, प्रत्यक्ष पकड घेणाऱ्या प्रथिनांवर यातले एकही औषध थेट चालून जात नाही.

तिकडे आता दोन वाटा निघाल्या आहेत. पहिली लसीची. एएलएस-३ च्या डोक्याचा भाग घेऊन एनडीव्ही-३ए ही लस तयार झाली, आणि वारंवार योनिसंसर्ग होणाऱ्या १८८ स्त्रियांवर ती अमेरिकेत तपासली गेली. निकाल २०१८ मध्ये आले. सगळ्या वयाच्या स्त्रिया एकत्र धरल्या तर फरक ठळक नव्हता. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र वर्षभर त्रासमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण लस घेतलेल्यांत ४२ टक्के आणि न घेतलेल्यांत २२ टक्के निघाले. हा वयाचा हिशेब मागाहून केलेला होता, त्यामुळे त्यावर फार मोठा मजला चढवता येत नाही. तरी बुरशीविरुद्धच्या लसीने माणसांत काहीतरी करून दाखवल्याची उदाहरणे इतकी थोडी आहेत की हे विसरताही येत नाही. याच लसीने उंदरांना ऑरिसपासून काही संरक्षण दिले, कारण ऑरिसवरची एएलएससारखी प्रथिने प्रतिपिंडांना ओळखू येतात. त्याच जातीच्या लसीने स्टॅफिलोकॉकस ऑरियसविरुद्धही उंदरांना मदत केली. एएलएस-३ चा आकार त्या जिवाणूच्या एका चिकट प्रथिनाशी जुळतो.

दुसरी वाट त्या खुंट्याची. जपानमधल्या एका औषध कंपनीचे संशोधक प्रथिने भिंतीपर्यंत पोहोचूच न देणारा रेणू शोधत होते. त्यांना सापडलेल्या रेणूने अडवलेले विकर, जीडब्ल्यूटी-१, जीपीआय खुंटा बनवण्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी एकीवर काम करते. हे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या पेशींतही जीपीआय खुंटे असतात आणि असेच एक विकर असते, पण या रेणूंचा त्याला उपद्रव होत नाही. त्यातूनच पुढे फॉसमॅनोजेपिक्स हे औषध तयार झाले. आता ते माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांत आहे. खुंटा नसला की शंभरभर प्रथिने एकदम बेघर होतात : एएलएस, एचडब्ल्यूपी-१, आरबीटी-५, सगळीच. अल्बिकन्स, ग्लाब्राटा, ट्रॉपिकॅलिस आणि ऑरिस, या सगळ्यांवर ते प्रयोगशाळेत चालते. भारताच्या दृष्टीने ट्रॉपिकॅलिसचे नाव त्यात असणे महत्त्वाचे. देशातल्या २७ अतिदक्षता विभागांतून केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तातल्या कॅन्डिडा संसर्गांत तीच पहिल्या क्रमांकावर होती, अल्बिकन्स नव्हे. कॅन्डिडा क्रुसी मात्र या औषधाला दाद देत नाही. फ्लुकोनाझोललाही ती जन्मतःच जुमानत नाही.